विश्लेषण : वायफाय जोडले, पण इंटरनेट नाही... सात थर लक्षात ठेवण्याची मराठी युक्ती

फोनच्या वरच्या कोपऱ्यात वायफायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसते. तरीही व्हॉट्सॲपवरचा संदेश घड्याळाच्या खुणेपाशी अडकलेला असतो. मग राउटर बंद-चालू होतो, फोन विमान मोडवर जातो, पासवर्ड पुन्हा टाकला जातो आणि शेवटी तक्रार क्रमांकावर फोन लागतो. नेटवर्किंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा परीक्षेतला प्रश्न असतो : ‘वायफाय जोडलेले आहे, इंटरनेट नाही, बिघाड कोणत्या थरात?’ उत्तर देण्यासाठी सात थरांची नावे, त्यांचा क्रम आणि प्रत्येकाचे काम तोंडावर हवे. नेमके तेच ऐन वेळी आठवत नाही. आयटीआय, पदविका किंवा बीएस्सीच्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण आणखी वेगळी असते. संज्ञा इंग्रजी असतात आणि त्या लक्षात ठेवण्याची पुस्तकातली वाक्येही इंग्रजी. यावर काही सोप्या मराठी युक्त्या आहेत.

सात थर म्हणजे काय?

एका यंत्राने पाठवलेला संदेश दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचण्यात अनेक कामे असतात. लहरी पाठवणे, पत्ता शोधणे, हरवलेला भाग पुन्हा मागवणे, मजकूर वाचण्याजोगा करणे ही त्यांतली काही. या कामांची वाटणी ‘ओएसआय’ या आराखड्यात सात थरांत केली आहे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे आयएसओने, तो १९८४ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केला. खालून वर थर असे : फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन आणि ॲप्लिकेशन.

‘थर’ हा शब्द मराठी माणसाला दहीहंडीमुळे चांगला ओळखीचा आहे. इथेही तोच नियम लागू पडतो. वरचा थर खालच्याच्या खांद्यावर उभा असतो. तळाचा थर डळमळला की वरचे सगळे कोसळतात. म्हणून बिघाड शोधताना तळापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

इंग्रजी वाक्य पाठ करूनही घोटाळा का होतो?

जगभरच्या वर्गांत हा क्रम ‘प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे’ या वाक्याने शिकवला जातो. प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर एका थराचे. वाक्य मजेशीर आहे, पण त्यात एक खोट आहे. ‘प्लीज’ आणि ‘पिझ्झा’ या दोन्हींचे पहिले इंग्रजी अक्षर ‘पी’. त्यातला एक फिजिकलचा आणि दुसरा प्रेझेंटेशनचा. घाईत या दोन ‘पीं’ची अदलाबदल होते आणि सर्वांत खालचा थर वरून दुसऱ्या जागी जाऊन बसतो.

देवनागरीत ही अडचण उरतच नाही. फिजिकलचा ‘फि’ आणि प्रेझेंटेशनचा ‘प्रे’ ऐकायला आणि लिहायला पूर्ण वेगळे आहेत. मराठीतल्या जुन्या युक्त्याही अशाच अक्षरांवर चालतात. इंद्रधनुष्याचे सात रंग शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ म्हणूनच पाठ झालेले असतात. त्या शब्दाला अर्थ नाही, पण ठेका आहे, आणि तो ठेका वर्षानुवर्षे टिकतो.

मग मराठी सूत्र कोणते?

सात थरांची पहिली अक्षरे ओळीने घेतली की तयार होते : फि-डे-ने-ट्रा-से-प्रे-ॲ. सलग म्हणण्यापेक्षा ते चार तुकड्यांत म्हणावे : ‘फिडे, ने, ट्रा, सेप्रेॲ’.

या चार तुकड्यांना कारण आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मधल्या गाजलेल्या लेखात माणसाच्या तात्कालिक स्मृतीची मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ही मर्यादा चारच्या आसपास असल्याचे मांडले. सात सुट्या गोष्टींपेक्षा चार गठ्ठे सांभाळणे सोपे जाते.

दुसरे कारण अधिक उपयोगाचे आहे. इंटरनेट प्रत्यक्षात ज्या ‘टीसीपी/आयपी’ आराखड्यावर चालते, त्यात थर चारच आहेत : लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट आणि ॲप्लिकेशन. सूत्राचे चार तुकडे याच चार थरांशी जुळतात. ‘फिडे’ म्हणजे लिंक, ‘ने’ म्हणजे इंटरनेट, ‘ट्रा’ म्हणजे ट्रान्सपोर्ट आणि ‘सेप्रेॲ’ मिळून ॲप्लिकेशन. एका सूत्रात दोन्ही आराखडे बसतात. परीक्षेत ‘ओएसआय आणि टीसीपी/आयपी यांची तुलना करा’ असा प्रश्न आला, तर तुकडे मोडून लिहिले की निम्मे उत्तर तयार होते.

ज्यांना अक्षरांपेक्षा वाक्य सोपे वाटते, त्यांच्यासाठी : ‘फिरोज डेक्कनवर नेहमी ट्रॅफिकमध्ये सेल्फी प्रेमाने अपलोड करतो.’

वायफाय ‘फिडे’पर्यंतच का?

‘फिडे’ हे नाव क्रीडा पानावर रोज भेटते. ती बुद्धिबळाची जागतिक संघटना. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये फिडेचाच महिला विश्वचषक जिंकला. नेटवर्किंगच्या विद्यार्थ्याने याच शब्दाला दुसरा अर्थ जोडून ठेवावा : फिडे म्हणजे फिजिकल आणि डेटा लिंक, आणि वायफायची हद्द तिथेच संपते.

वायफायचे तांत्रिक मानक ‘८०२.११’ हे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे. त्याची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये आली. हे मानक दोनच गोष्टी ठरवते. पहिली, हवेतून लहरी कशा जातील. हा फिजिकल थर. दुसरी, त्या हवेत बोलण्याची पाळी कोणाची आणि आत कोणाला घ्यायचे. हा डेटा लिंक थर. आयपी पत्ता, व्हिडीओ कॉल, बँकेचे ॲप यांच्याशी वायफायला देणेघेणे नसते. तारेने जोडलेल्या संगणकातही ‘ने’पासून वरचे सगळे थर तसेच राहतात, बदलते ती फक्त ‘फिडे’.

‘वायरलेस फिडेलिटी’ हे वायफायचे पूर्ण रूप असल्याचे अनेक ठिकाणी छापलेले दिसते. प्रत्यक्षात हे कशाचेही संक्षिप्त रूप नाही. १९९९ मध्ये इंटरब्रँड या कंपनीने घडवलेले ते व्यापारी नाव आहे. ‘वायरलेस फिडेलिटी’ हे शब्द काही काळ त्याच्या घोषवाक्यात वापरले गेले. उत्तरपत्रिकेत पूर्ण रूप म्हणून ते लिहू नये. मात्र ‘फिडेलिटी’त लपलेला ‘फिडे’ मनात ठेवायला हरकत नाही.

थरांचे काम कसे लक्षात ठेवावे?

क्रम आठवला, पण काम आठवले नाही, तर उपयोग नाही. यासाठी हजारो वर्षांची एक पद्धत आहे : ओळखीच्या जागेतून मनाने चालत जायचे आणि प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट ठेवायची. रोमन वक्ते भाषणे अशीच लक्षात ठेवत. सात थरांसाठी आपलीच सोसायटी पुरते. कुरिअरवाला रस्त्यावरून घरात येतो आहे, अशी कल्पना करावी.

फिजिकल म्हणजे रस्ता. त्यावरून काय चालले आहे, हे रस्त्याला ठाऊक नसते. वायफायमध्ये हा रस्ता म्हणजे हवेतल्या रेडिओ लहरी.

डेटा लिंक म्हणजे गेटवरचा वॉचमन. तो चेहरा पाहून आत सोडतो. हा चेहरा म्हणजे यंत्राचा ‘मॅक’ पत्ता. वायफायचा पासवर्डही याच गेटवर तपासला जातो.

नेटवर्क म्हणजे पाकिटावरचा इमारतीचा पत्ता, अर्थात आयपी पत्ता. कोणत्या शहरातल्या कोणत्या इमारतीत जायचे, हे तो सांगतो.

ट्रान्सपोर्ट म्हणजे लिफ्ट. ती नेमक्या फ्लॅटपाशी पोहोचवते. फ्लॅट क्रमांकाला इथे ‘पोर्ट’ म्हणतात. ‘टीसीपी’ हा सही घेऊन पाकीट देणारा कुरिअरवाला, तर ‘यूडीपी’ दारात पाकीट टाकून निघून जाणारा. व्हिडीओ कॉलमध्ये थांबायला वेळ नसतो, म्हणून तिथे बहुतेकदा यूडीपी असतो.

सेशन म्हणजे दारावरची बेल. संवाद कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे इथे ठरते.

प्रेझेंटेशन म्हणजे आजोबांचा चष्मा. पत्र हातात आले, तरी चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही. मजकुराची लिपी, चित्राचा साचा, सांकेतिक रूप उलगडणे ही कामे या थराची.

ॲप्लिकेशन म्हणजे दिवाणखाना. इथे पत्र वाचून गप्पा होतात. ब्राउझर आणि व्हॉट्सॲप याच खोलीचा वापर करतात.

ही फेरी दोनदा मनातल्या मनात मारली की थराच्या नावासोबत त्याचे कामही समोर उभे राहते.

वायफाय ४, ५, ६, ७ मधला फरक कसा ओळखावा?

राउटरच्या खोक्यावर एन, एसी, एएक्स, बीई अशी अक्षरे असतात. ग्राहकांचा गोंधळ कमी व्हावा म्हणून वायफाय अलायन्सने २०१८ मध्ये पिढ्यांना साधे आकडे दिले. ‘एन’ला वायफाय ४, ‘एसी’ला ५ आणि ‘एएक्स’ला ६. त्यानंतरच्या ‘बीई’ला ७. परीक्षेत मात्र आकडा आणि अक्षर या दोन्हींची जोडी विचारली जाते. त्यासाठी चार शब्द पुरतात :

‘नवा एसी अक्षरशः बेकार.’

‘नवा’चा एन, ‘एसी’ जसाच्या तसा, ‘अक्षरशः’मधला एएक्स आणि ‘बेकार’चा बीई. मोजणी चारपासून सुरू करायची, एवढे ध्यानात ठेवावे.

इथे आकड्यांचा एक सापळा आहे. वायफाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालते; ‘पाचवा पाचवरच’ म्हटले की ते लक्षात राहते. पण वायफाय ६ म्हणजे ६ गिगाहर्ट्झ नव्हे. ते २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालते. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणाऱ्या उपकरणांना ‘६ई’ म्हणतात. घरच्या राउटरच्या नावापुढे ‘५जी’ दिसले, तर त्याचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नसतो. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असतो.

कोणता पट्टा लांब जातो? ‘छोटा आकडा, लांब पल्ला.’ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने बऱ्या पोहोचतात. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण पल्ला कमी.

सीए की सीडी?

हा प्रश्न अनेकांना चकवतो. जुन्या तारेच्या इथरनेटमध्ये ‘सीएसएमए/सीडी’ ही पद्धत होती, तर वायफायमध्ये ‘सीएसएमए/सीए’ आहे. ‘सीडी’ म्हणजे टक्कर झाल्यावर ती ओळखणे आणि ‘सीए’ म्हणजे टक्कर आधीच टाळणे. युक्ती सोपी आहे : ‘सीए नुकसान आधीच टाळतो, सीडीवरचा ओरखडा वाजवल्यावर कळतो.’

यामागचे कारण समजले तर युक्तीचीही गरज उरत नाही. वायफायचे यंत्र बोलत असताना त्याच वाहिनीवर दुसऱ्याचे ऐकू शकत नाही, कारण स्वतःचाच आवाज फार मोठा असतो. टक्कर झालेली कळणारच नसेल, तर ती टाळणे हाच मार्ग उरतो. म्हणून ते आधी कानोसा घेते, थोडे थांबते आणि मग बोलते.

याच गर्दीशी जोडलेले तीन आकडे म्हणजे १, ६ आणि ११. या २.४ गिगाहर्ट्झमधल्या एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या. शेजारच्या दोन वाहिन्यांत फक्त ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते आणि एका वाहिनीला साधारण २० मेगाहर्ट्झ जागा लागते. म्हणून पाच घरे पुढे उडी मारायची : पाच गुणिले पाच, पंचवीस. एकात पाच मिळवले की सहा, सहात पाच मिळवले की अकरा.

उणे आकडे कसे वाचायचे?

सिग्नलची ताकद ‘डीबीएम’मध्ये मोजली जाते आणि फोनवर ती उणे ५०, उणे ७० अशी दिसते. शून्याच्या जितके जवळ, तितका सिग्नल दणकट. या मोजपट्टीचे सूत्र पाढ्यासारखे म्हणता येते : ‘तीनला दुप्पट, दहाला दहापट.’ म्हणजे ३ डेसिबल वाढले की ताकद दुप्पट होते, १० वाढले की दहापट. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. मग २३ डीबीएम म्हणजे किती? दोनदा दहापट करून १००, आणि वरच्या तीनसाठी दुप्पट : २०० मिलिवॅट. गणकयंत्राची गरज पडत नाही. याच हिशेबाने उणे ४० आणि उणे ८० यांत दुपटीचा नव्हे, तर दहा हजार पटींचा फरक आहे.

नावे आणि कुलुपे

‘एसएसआयडी’ आणि ‘बीएसएसआयडी’ यांतही घोटाळा होतो. एसएसआयडी म्हणजे बँकेची पाटी. सगळ्या शाखांवर सारखीच. बीएसएसआयडी म्हणजे शाखेचा क्रमांक. महाविद्यालयातल्या प्रत्येक राउटरचा वेगळा. ‘बी म्हणजे ब्रँच’ असे लक्षात ठेवावे. खरे तर हा ‘बी’ ‘बेसिक’चा आहे. युक्ती ही आठवणीला अडकवायची खुंटी. व्याख्या लिहिताना खरा शब्दच लिहावा.

सुरक्षेच्या नावांत ‘डब्ल्यूईपी’ सर्वांत जुने. त्यातल्या कच्च्या दुव्यांवर २००१ मध्येच संशोधकांनी बोट ठेवले. ‘ई म्हणजे एक्स्पायर्ड’ म्हटले की ते वापरू नये, हे कायमचे लक्षात राहते. त्यानंतर २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’, २००४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आणि २०१८ मध्ये तिसरी आली. घरच्या राउटरमध्ये किमान दुसरी आवृत्ती निवडलेली असावी.

युक्त्या पुरेशा आहेत का?

नाहीत. मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. शब्दाला ओळखीचा शब्द जोडण्याच्या युक्तीला त्यांनी कमी उपयुक्त ठरवले. सर्वांत वरचा दर्जा दोन पद्धतींना मिळाला : स्वतःची चाचणी घेत राहणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागून करणे. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभरानंतरही अधिक लक्षात राहते, हे रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधल्या प्रयोगात दिसले होते.

याचा अर्थ युक्ती टाकून द्यावी, असा नाही. सूत्र दार उघडून देते. आत जाऊन वावरण्याचे काम सरावाचे. आज ‘फिडे, ने, ट्रा, सेप्रेॲ’ पाठ केले, तर उद्या कोऱ्या कागदावर सातही नावे आणि कामे लिहून पाहावीत. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. चुकलेला थर तेवढाच पुन्हा वाचावा. मराठी वृत्तांचे ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र टिकले, कारण त्यात गणांची नावेच नव्हे, तर प्रत्येक गणातला लघु-गुरूचा क्रमही भरलेला आहे. ‘यमाता’ म्हटले की य गणाचे रूप आपोआप कळते. ज्या युक्तीत कामही दडलेले असते, ती परीक्षेनंतरही उरते.

मग बिघाड कोणत्या थरात?

सुरुवातीच्या फोनकडे परत येऊ. सूत्र हातात घेऊन तळापासून चढावे.

फि : सिग्नलच्या रेषा भरलेल्या आहेत, म्हणजे लहरी पोहोचतात. डे : ‘कनेक्टेड’ दिसते, म्हणजे वॉचमनने आत सोडले. वायफायची जबाबदारी इथे पूर्ण झाली. फोनवरचे भरलेले चिन्ह एवढेच सांगत असते.

ने : वायफायच्या तपशिलात फोनला आयपी पत्ता मिळाला आहे का, ते पाहावे. मिळाला नसेल, तर राउटर पुन्हा सुरू करणे योग्य. मिळाला असेल, तर राउटरकडे नजर टाकावी. प्रत्येक टप्प्याची ‘फिडे’ वेगळी असते. फोन ते राउटर ही वायफायची आणि राउटरपासून कंपनीपर्यंतची फायबरची. फायबरच्या यंत्रावर लाल दिवा लागलेला असेल, तर घरातली फिडे ठणठणीत असूनही बाहेरची तुटलेली आहे. अशा वेळी पासवर्ड दहादा टाकून काही साधत नाही. तक्रार करताना ‘वायफाय चालत नाही’ याऐवजी ‘वायफाय जोडलेले आहे, फायबरचा लाल दिवा लागला आहे’ असे सांगावे. बिघाड घराबाहेर आहे, हे पहिल्याच वाक्यात कळते.

सेप्रेॲ : बाकी सगळे चालू आणि एकच ॲप बंद असेल, तर दोष वरच्या थरांत. सुरक्षित संकेतस्थळे एकाएकी उघडेनाशी झाली, तर फोनची तारीख तपासावी. ती चुकलेली असेल, तर सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात. आजोबांचा चष्माच हरवल्यासारखे होते. हॉटेलात किंवा स्थानकावर वायफाय जोडूनही काही उघडत नसेल, तर लॉगिनचे पान भरायचे राहिलेले असते.

राउटरच्या खोलीत उभ्या असलेल्या नव्या तंत्रज्ञाला किंवा तोंडी परीक्षेत परीक्षकांसमोर बसलेल्या विद्यार्थिनीला याहून जास्त सामग्री लागत नाही. चार तुकडे मनात म्हणावेत, तळापासून एकेक थर तपासावा आणि जिथे पाय घसरतो, तिथे थांबावे. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.